आधी चिंधीवर, मग थानावर

जाणता शिंपी नव्या शागिर्दाच्या हाती पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचे कापड देत नाही. आधी चिंध्यांवर कातर चालवून घेतो, हात बसला की मग थान पुढे ठेवतो. कापडाच्या व्यापारात उभी हयात गेलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हाच साधा नियम आपण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या हुनरात विसरलो आहोत आणि त्याची किंमत आपली मुले मोजत आहेत.

आमच्या हिंगोलीच्या बाजारातील एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. पहिल्याच आठवड्यात मालकाने त्याला गिऱ्हाइकाच्या मशीनमधील हीटसिंक काढून, साफ करून पुन्हा बसवायला सांगितले. कसे, ते सांगितले नाही. मुलाने हीटसिंक सरळ वर ओढला. आतील पेस्ट सुकून चिकटली होती. त्यासोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला आणि त्याच्या पिना वाकल्या. नुकसान मुलाच्या पगारातून कापले गेले. मुलाने ते काम कायमचे सोडले. माझ्या मते चूक त्याच्या हाताची नव्हती, न शिकवता हात घालायला लावणाऱ्याची होती.

हीटसिंक म्हणजे काय, हे दुकानदार बंधूंनीही समजून घ्यावे. ज्या डब्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, त्याच्या आत मदरबोर्डवर आगपेटीहून लहान असा प्रोसेसर असतो. साधारण ६५ वॅटचा प्रोसेसर भरात काम करतो तेव्हा जुन्या ६० वॅटच्या बल्बइतकी उष्णता तेवढ्याशा जागेतून बाहेर पडते. ती ओढून घेणारा पाकळ्या-पाकळ्यांचा ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा ठोकळा म्हणजे हीटसिंक. वरचा पंखा ती हवेत सोडतो. २००१ च्या सुमाराचे काही प्रोसेसर हीटसिंक हटताच काही सेकंदांत जळून जात. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात, मग मशीन बंद पाडतात. जीएसटीचे विवरण भरण्याची तारीख तोंडावर आली असता मशीन वारंवार बंद पडते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

आपल्या भागात तर हा प्रश्न अधिकच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि नुसत्या पंख्यावर चालणारा प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. त्यात कापड दुकानातील बारीक तंतू, जिनिंगमधील कापूस, वसमतच्या बाजारातील हळदीची धूळ. हे सर्व पाकळ्यांत जाऊन बसते आणि हवेची वाट बंद होते. म्हणून हीटसिंक काढणे-बसवणे हे आपल्याकडे नेहमीचे काम आहे. ते नीट यायला हवे.

पहिल्यांदा बसवणाऱ्याने घाई करू नये. मशीन बंद करून प्लग भिंतीतून काढावा, मग बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी. पॉलिस्टरची साडी झटकली की चटचट ठिणग्या उडतात, हे आपण जाणतोच. तीच स्थिर वीज चिपला मारक ठरते. यासाठी असे कपडे टाळावेत, गालिच्यावर बसू नये आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला अधूनमधून हात लावावा. कॅबिनेट आडवे ठेवावे.

जुना हीटसिंक काढायचा असेल तर आधी मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट नरम होऊ द्यावी. नंतर मशीन बंद करून, प्लग काढून, पकड सोडवावी आणि हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे पिळून मगच उचलावा. ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, त्यांच्या बाबतीत हे विसरलात तर त्या मुलासारखी गत होईल.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी पुरे. दोन धातूंमधील सूक्ष्म फटीतील हवा हटवणे एवढेच तिचे काम. जाड थर उलट उष्णता अडवतो. नव्या हीटसिंकच्या तळाला कारखान्यातूनच पेस्ट लावलेली असेल तर वेगळी लावू नये. तळाला प्लास्टिकची पापुद्री असल्यास काढायला विसरू नये.

मग हीटसिंक सरळ खाली टेकवावा, घसरवू नये. चार खुंट्यांचा असेल तर डोक्यावरील बाणाच्या दिशेने फिरवल्यास खुंटी सुटते. म्हणून बसवताना ती उलट दिशेला शेवटपर्यंत वळवून घ्यावी. आधी एक, मग तिच्या तिरक्या समोरची, अशा क्रमाने टक् आवाज येईपर्यंत दाबाव्यात. स्क्रूचा असेल तर गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू पूर्ण आवळली तर ठोकळा तिरपा बसतो. शेवटी हलवून पाहावे. डुलता कामा नये. पंख्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी लावावी. मशीन सुरू होताच पंखा फिरतो का ते पाहून बायोसमध्ये तापमान बघावे. ते झपाट्याने नव्वदीकडे चढू लागले तर लगेच बंद करून पुन्हा बसवावे. हीटसिंकशिवाय मशीन ‘क्षणभर बघू’ म्हणूनही सुरू करू नये.

हे सर्व वाचून हात बसत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच माझी सूचना अशी. आपल्या प्रत्येकाच्या माळ्यावर एखादे मेलेले मशीन धूळ खात पडले आहे. ते भंगारवाल्याला किलोवर देण्याऐवजी दुरुस्तीच्या दुकानात शिकणाऱ्या मुलाला द्यावे. त्याने त्यावर वीस वेळा हीटसिंक काढावा, वीस वेळा बसवावा, पिना वाकल्या तर वाकू द्याव्यात. दुकानमालकांनीही अशी दोन रद्दी मशीन ठेवावीत आणि त्यावर हात साफ झाल्याशिवाय गिऱ्हाइकाचे मशीन मुलाच्या पुढे ठेवू नये. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र अनेक मुलांकडे आहे. ते कॉम्प्युटर चालवायला शिकवते, उघडायला नाही.

कोणी म्हणेल, आता सारे मोबाइलवर आले. असेल, परंतु आपल्या गल्ल्यावर बिल आजही डेस्कटॉपवर निघते आणि तो बंद पडला की गिऱ्हाईक दारातून परत जाते. मुलाला हुनर द्यायचे असेल तर त्याला चुका करायला स्वस्त जागा द्यावी लागते. शिंप्याकडे चिंध्या असतात. या मुलांसाठी त्या आपण पुरवू या.