मैदान कोणाचे, सेवा कोणाची?

मुंबई-पुण्याच्या उपनगरांतून जाताना आंतरराष्ट्रीय शाळांचे भव्य फलक दृष्टीस पडतात. ते एकदा थांबून नीट वाचावेत. त्यांवर गणित, इतिहास वा भाषा यांविषयी सहसा अवाक्षर नसते. असते ती पोहण्याच्या तलावाची, घोडेस्वारीची, टेनिसची, पियानोची आणि नाट्यगृहाची जंत्री. वर्षाला आठ-दहा लाख, क्वचित त्याहूनही अधिक शुल्क मोजणारा पालक तेथे केवळ शिक्षण विकत घेत नाही, आपल्या अपत्यासाठी तो बालपण विकत घेत असतो. आणि बालपण ही विकत घेण्याची वस्तू कधी व कशी झाली, हा प्रश्न त्या पालकालाही पडत नाही आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्यालाही पडेनासा झाला आहे.

एक गैरसमज प्रथमच दूर केलेला बरा. मुलांनी पोहू नये, गाऊ नये, नाटक करू नये असे म्हणणारा समाजवादी करंटाच म्हटला पाहिजे. या शाळांमागील मूळ कल्पनाही क्षुद्र नव्हती. १९६८ साली जिनिव्हा येथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था स्थापन झाली. तिच्या पदविका अभ्यासक्रमात सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा ही त्रयी अनिवार्य आहे. तिला गुण नाहीत, परंतु ती पूर्ण केल्याविना पदविका मिळत नाही. यामागे कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांची प्रेरणा होती. नाझींच्या जर्मनीतून १९३३ साली परागंदा झालेला हा माणूस. त्याच्या कल्पनेतून १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर निघालेल्या अटलांटिक महाविद्यालयात विद्यार्थी समुद्रातील बचावपथकात काम करीत. बुडणाऱ्याला वाचवायला निघालेल्या मुलाला स्वतःचाही जीव पणाला लावावा लागे. सेवा या शब्दाला तेथे काही वजन होते.

आपल्या महानगरांत त्या सेवेचे काय झाले आहे? एका शनिवारी वातानुकूलित बस जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे येऊन उभी राहते. पाहुणे विद्यार्थी एक भिंत रंगवतात, वह्या वाटतात, इंग्रजी गाणे शिकवतात, छायाचित्रे काढतात आणि दुपारच्या आत परततात. मग ‘या अनुभवाने मला काय शिकवले’ याचे चिंतन लिहायचे. ते उपक्रमाच्या दप्तरात जाते आणि पुढे त्यातलेच चार हृदयस्पर्शी परिच्छेद परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जातही उतरतात. ज्यांच्या शाळेची भिंत रंगली त्या मुलांनी काय चिंतन केले, हे विचारण्याची सोय कोणत्याच नमुन्यात नाही. त्यांचे दारिद्र्य हा दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकाचा कच्चा माल झाला. कच्च्या मालाला मत नसते.

या मुलांना दोष देण्याचे कारण नाही. सोळा-सतरा वर्षांच्या वयात मन उदार असते आणि त्यांपैकी काहींना खरोखरच धक्का बसतो. पण व्यवस्था त्या धक्क्याचा निबंध करून घेते. निर्वासितांच्या व भुकेच्या प्रश्नावर पंचतारांकित सभागृहात संयुक्त राष्ट्रांचे लुटुपुटीचे अधिवेशन भरवणाऱ्या मुलाला, आपल्याच शाळेची फरशी पुसणाऱ्या मावशींना कंत्राटदार किमान वेतन देतो की नाही, हे शोधून काढण्याचा उपक्रम का दिला जात नाही? तो तर शाळेच्या दारातच करता येईल. बसचेही भाडे लागणार नाही!

आता रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहू. १ एप्रिल २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण हवे, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रंथालय हवे, खेळाचे साहित्य हवे. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. म्हणजे ज्याला आंतरराष्ट्रीय शाळा ‘विशेष सुविधा’ म्हणून विकते, ते या देशातील प्रत्येक मुलाचे कायदेशीर देणे आहे. प्रत्यक्षात काय दिसते? मुंबईत कित्येक शाळांची कवायत गच्चीवर नाही तर व्हरांड्यात होते. निदेशक तुटपुंज्या मानधनावर राबतात, आणि त्यांची हजेरी वर्गापेक्षा आझाद मैदानावर व न्यायालयाच्या पायऱ्यांवरच अधिक लागावी अशी शासनाची इच्छा असावी. चित्रकलेचा तास मग गणिताच्या गुरुजींच्या वाट्याला येतो आणि गणितातच संपतो.

हे सारे आपल्याला नवे होते असेही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी बसवले गेले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. तेथे पाने, बिया, शंख हीच साधने होती. अभ्यास कोठे संपतो आणि ‘अभ्यासेतर’ कोठे सुरू होते, हे त्या कुरणात कोणालाही सांगता आले नसते. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य सुचवले. शासनाने शब्द घेतले आणि कार्यानुभवाचा कागदी फुलांचा तास करून टाकला.

वर पुन्हा, गरिबाचे पोर त्या श्रीमंत फाटकातून चुकून आत येऊ नये याचीही दक्षता घेतली गेली. विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी ठेवण्याच्या तरतुदीतून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना वगळणारी अधिसूचना महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली म्हणून दार किलकिले राहिले. परंतु दाराच्या आतही सहल, पोशाख, स्नेहसंमेलन आणि ‘उपक्रम’ यांची वेगळी बिले उभीच असतात. अशा शाळेत मोफत बसलेले मूल स्नेहसंमेलनाच्या दिवशी घरीच राहिले, तर त्याची नोंद कोणत्या आयोगाकडे करायची?

आपल्या काही मित्रांची मुलेही याच शाळांत जातात. त्यांच्याशी भांडण मांडण्यात मला रस नाही. सामान्य शाळेचे मैदान गेले तेव्हा आपण सभेत ठराव केला आणि घरी जाऊन प्रवेशअर्ज भरला, एवढे त्यांनी स्वतःशी कबूल केले तरी पुरे.

कायद्यानुसार प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक आहेत आणि सरकारी शाळेत शाळा विकास आराखडा करण्याचे काम तिच्याकडे आहे. किती तालुक्यांतील साथींनी हा आराखडा उघडून पाहिला आहे? मैदान नाही, निदेशक नाही, पेटी-तबला नाही, ही मागणी त्यात लेखी घातली तर शासनाला ती अनुदानाच्या हिशेबात मोजावी लागते. समितीच्या पुढील बैठकीची तारीख मुख्याध्यापकांकडे विचारावी आणि जाताना चार आया-बापे बरोबर न्यावेत.