भीतीला बाहेरची वाट हवी

३१ ऑक्टोबर जवळ आला की दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मॉलमध्ये आणि सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये हॅलोवीनची तयारी सुरू होते. भोपळे, काळे झगे, चॉकलेटे इथवर कुणाचीच हरकत नसावी. अडते ते भूतबंगल्याच्या दाराशी. ‘आमच्या मुलाला आत सोडू का?’ या आईबापांच्या प्रश्नाला ‘काही होत नाही, सगळी मुलं जातात’ असे उत्तर मिळते. या उत्तरावर कुणीही मुलाचा हात सोडू नये.

सण आपला की परका, या वादात हा प्रश्न दरवर्षी हरवून जातो. भीतीचा खेळ आपल्याला परका नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे विक्राळ नरकासुर जळतो आणि पोरे तो डोळे भरून पाहतात. त्याच्या आधीचे कित्येक दिवस वाड्यावरची मुले मोठ्यांच्या हाताखाली त्याचा सांगाडा बांधताना, कागद चिकटवताना, दात रंगवताना दिसतात. ज्याचे दात आपणच रंगवले, त्याची धास्ती उरत नाही. शिवाय तो पहाटे मरणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते.

दिल्लीतल्या मराठी माणसाच्या पायाखालचा रस्ता म्हणजे कोपर्निकस मार्ग. जुने महाराष्ट्र सदन तिथेच, दूरदर्शन भवन तिथेच, कमानी सभागृहही तिथेच. मंडी हाऊसचा चौक ओलांडला की राष्ट्रीय नाट्य विद्यालय. तिथली संस्कार रंग टोली १९८९ पासून मुलांसाठी नाटके करते आहे. भीती मुलांपुढे कशी मांडावी, याचे धडे या परिसरात आणि आपल्या रंगभूमीवर आधीच गिरवून झालेले आहेत. १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ लागायचे. पाठीवर प्रेत असे, पण ते गोष्ट सांगे आणि शेवटी प्रश्न विचारी. मूल घाबरण्यापेक्षा उत्तर शोधण्यात गुंते. रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण. एकाच लेखकाने दोन वयांची भीती वेगळी राखली. चेटकीण भयंकर असली तरी तिला हरवता येते, तिच्यावर ओरडता येते, आणि शेजारच्या खुर्चीत आई असते.

भूतबंगल्यात यातले काही नसते. अंधारा बोळ, लुकलुकणारे दिवे, कर्कश आवाज, मागून अचानक खांद्यावर पडणारा हात. गोष्ट नाही, शेवट नाही, आणि मागे फिरायला वाटही नाही. मोठ्या माणसाला ठाऊक असते की रक्त रंगाचे आहे. लहानग्याला ते ठाऊक असेलच असे नाही. रेटा डी व्ह्रीस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाच्या गरीब मांजराला त्यांनी कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या लेखी ते मांजर खरोखरच कुत्रा झाले. सहा वर्षांच्या बहुतेकांनी मात्र ते मांजरच असल्याचे ओळखले. म्हणून बालवाडीतल्या मुलाला ‘अरे, तो खोटा आहे’ असे सांगून आत ढकलणे हा अन्याय आहे. आपण सांगतो ते समजण्याचे त्याचे वयच नसते.

‘मूल धीट व्हायला नको का?’ असे विचारणारे पालक आहेत, आणि त्यांची तळमळ खरी आहे. पण धीटपणा येतो तो आपण थांबू शकतो, परत फिरू शकतो या अनुभवातून. रडणाऱ्या मुलाला पुढे रेटले तर ते एवढेच शिकते की आपले रडणे कुणी ऐकत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना भूतबंगल्यात नेऊच नये. त्यापुढच्या वयात आधी मुलाला विचारावे, मग आयोजकाला. आत नेमके काय आहे? कुणी अंगाला हात लावते का? मध्येच बाहेर पडायची सोय आहे का? यातल्या एकाचेही सरळ उत्तर आले नाही, तर तिकीट घेऊ नये. मुलाने दारातून पाय मागे घेतला, तर तो त्याचा हक्क समजावा. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

बाहेरच्या वाटेची गरज केवळ मनासाठी नाही. न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानाच्या ‘हाँटेड कॅसल’ला ११ मे १९८४ रोजी आग लागली आणि आठ किशोरवयीन मुले आत अडकून मेली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाने १३ जून १९९७ रोजी ५९ जीव घेतले. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेमझोनमध्ये मुलांसह कितीतरी माणसे होरपळून गेली. हे सारे ठाऊक असताना कापडाच्या आणि प्लायवूडच्या भिंतींमध्ये, मुद्दाम केलेल्या अंधारात मुलांना सोडायचे, तर आयोजकाने अग्निशमन दलाची परवानगी दाखवलीच पाहिजे.

चित्रपटांसाठी २०२३ च्या कायदादुरुस्तीने सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगळे टप्पे केले. पडद्यावरच्या भुताला वयाची पाटी लागते, मग अंगावर धावून येणाऱ्या भुताला का नको? मॉलने ती तिकिटावर छापावी, सोसायटीच्या समितीने फलकावर लावावी. लहानांसाठी दुपारचा, उजेडातला वेगळा कार्यक्रम ठेवावा आणि मुखवटे त्यांच्याच हातून करून घ्यावेत. यंदाच्या बैठकीत पालकांनी एवढे मागून घ्यावे, आणि मिळेपर्यंत आपले मूल त्या दाराबाहेरच ठेवावे.