बिगरनोंदीची आयात

पिंपरी-चिंचवड, चाकण व तळेगाव येथील नागरिकांस, खेड आणि मावळ तालुक्यांतील शेतकऱ्यांस व समस्त कारखानदारांस जाहीर विनंती

१९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर वाढलेले एक अपरिचित रोप राव या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडले आणि पुढील वर्षी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी त्याची भारतातील नवी नोंद म्हणून वार्ता दिली. तेच आपले गाजर गवत. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले हे तण आज भोसरीच्या कारखान्यांच्या कुंपणांपासून चाकणच्या कांद्याच्या बांधांपर्यंत पसरले असून, त्याच्या एका जोमदार रोपापासून पंधरा हजार व त्याहूनही अधिक बी तयार होते, त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते, परागाने दमा बळावतो, आणि ते वैरणीत गेले तर दुधाला कडवट चव येते, हे येथील शेतकऱ्यास पत्रक छापून सांगावयाची आवश्यकता नाही. ते आपल्या दारी आले कसे आणि त्या येण्याची जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

पी. एल. ४८० या कायद्याखाली आलेल्या अमेरिकन गव्हातून हे बी आले, अशी समजूत आपल्याकडे सर्वत्र रूढ आहे. परंतु तो कायदा अमेरिकेत संमत झाला १९५४ साली, त्याखालील भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि रोप तर पुण्यात १९५५ सालीच आढळले होते. तेव्हा दोष त्या कराराच्या माथी मारावा तर तारखा आड येतात. त्यापूर्वी १९५१ साली दुष्काळाच्या तोंडावर अमेरिकेने कर्जाऊ दिलेल्या सुमारे वीस लाख टन धान्यावर संशय घ्यावा, तर त्यासही साक्षीपुरावा नाही. गव्हाच्या पोत्यांची मोजदाद झाली, गोदीचे भाडे आकारले गेले, पावत्या फाटल्या, रेल्वेच्या वाघिणी भरल्या आणि रित्या झाल्या. मात्र त्या पोत्यांच्या तळाशी गव्हाखेरीज आणखी काय होते, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडत नाही, आणि म्हणूनच ज्या तणाने देशभर लक्षावधी हेक्टर जमीन व्यापली, ते कोणी आणले हे आज सत्तर वर्षांनी कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. आणणाराच ठाऊक नाही, तर भरपाई मागावी कोणाकडे?

आता आपल्या औद्योगिक पट्ट्याकडे पाहावे. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, पुढे चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि परदेशांतून निघालेले कंटेनर घाट चढून थेट येथील गोदामांच्या फलाटाला लागू लागले. त्यांतील प्रत्येक सुट्या भागाचे वर्णन, वजन, किंमत व सीमाशुल्क यांची नोंद होते. एक पेटी कमी भरली तर चौकशी लागते. परंतु तोच कंटेनर निघण्यापूर्वी ज्या उघड्या आवारात उभा होता, तेथील चिखल त्याच्या तळाला व कोपऱ्यांच्या खोबणींत चिकटून येतो, आणि त्या चिखलातील बी कोणत्याही कागदावर चढत नाही. वनस्पतींच्या आयातीविषयी केंद्र सरकारचा २००३ चा प्लँट क्वारंटाइन आदेश आहे, तो धान्य, बियाणे व रोपे यांना लागू आहे. लाकडी खोके व पॅलेट यांचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून, किंवा त्यावर मान्य धुरी देऊन, त्याचा शिक्का मारण्याचा आंतरराष्ट्रीय नियमही आहे. तो लाकूड पोखरणाऱ्या किडीसाठी केलेला असून आपल्या जागी उत्तम आहे. पण लोखंडी कंटेनरच्या बुडाशी लागलेली माती हे धान्य नव्हे आणि लाकूडही नव्हे. तिच्या स्वच्छतेबाबत वनस्पतिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शिफारस केली आहे, बंधन घातलेले नाही. आणि शिफारशीने व्यापारी आपला खर्च वाढवून घेतो, असे निदान आमच्या पाहण्यात आलेले नाही.

पवनेतील जलपर्णी व्यापाराच्या निराळ्या वाटेने आली. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती केवळ जांभळ्या फुलांच्या हौसेपायी देशोदेशी नेली गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालात पोहोचली, आणि तेथील नौकानयन व भातशेती यांची तिने अशी दैना केली की १९३६ साली तिच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा करणे बंगाल सरकारास भाग पडले. (टणटणीही अशीच शोभेसाठी आणलेली, ही गोष्ट बागांच्या हौशी मंडळींनी लक्षात ठेवावी.) पवना, इंद्रायणी व मुळा या नद्यांत जलपर्णी माजते, कारण आपण त्यांत सांडपाणी सोडून तिला आयते खत पुरवतो, हा दोष कोणा परदेशी व्यापाऱ्याचा नाही, तो आपला आहे, आणि महापालिकेने तो मुकाट्याने पत्करला पाहिजे. पण ती उपसण्याचा दरसालचा खर्च करदात्याच्या पैशातून होतो आणि परदेशी शोभेची रोपे विकणाऱ्यावर त्याची एक पैही बसत नाही, हा न्याय कोणता?

यावर कोणी म्हणेल की मिरची, बटाटा, पेरू, भुईमूग हीसुद्धा परदेशातूनच आली. आली खरी, आणि त्याबद्दल आमची काहीच हरकत नाही. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरसरकारी मंडळाने २०२३ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे, मनुष्याच्या हातून नव्या प्रदेशांत जाऊन रुजलेल्या ३७,००० हून अधिक जातींपैकी उपद्रवी ठरलेल्या सुमारे ३,५०० आहेत, आणि वनस्पतींत तर हे प्रमाण शंभरांत सहाच्या घरात आहे. मात्र या थोड्या उपद्रवी जातींमुळे होणारे जगाचे वार्षिक नुकसान त्याच अहवालात २०१९ सालासाठी ४२३ अब्ज डॉलरांहून अधिक धरले आहे. थोड्यांनाच अडवावयाचे असल्यामुळे तपासणी अशक्य ठरते, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही; न्यूझीलंडने १९९३ साली जैवसुरक्षेचा कायदा केला, आणि तेथे आलेला कंटेनर मान्यताप्राप्त जागीच उघडावा लागतो, उघडताना प्रशिक्षित मनुष्य हजर असावा लागतो, व माती वा बी आढळल्यास तसे कळवावे लागते. तेवढ्याने त्या देशाचा व्यापार बुडाला नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, चाकण, तळेगाव व पिंपरी-चिंचवड येथे परदेशी कंटेनर ज्या आवारात उघडले जातात, तेथे ते धुण्यासाठी पक्का ओटा असावा, धुतलेले पाणी नाल्यात न सोडता गाळून घेतले जावे, गाळ जाळला जावा, आणि आढळलेल्या मातीची व बियांची नोंद कंटेनर क्रमांकासह ठेवण्याचा हुकूम सीमाशुल्क खात्याने काढावा. त्याचा खर्च आयातदाराने सोसावा. औद्योगिक महामंडळाने भूखंडाच्या भाडेपट्ट्यात, गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटण्याची अट घालावी व रिकाम्या भूखंडांवर ती स्वतःही पाळावी. तोपर्यंत, पहिल्या पावसानंतर महिनाभरात ज्या आवारात हे गवत पांढऱ्या फुलावर आलेले दिसेल, त्याचा भूखंड क्रमांक व तारीख लिहून प्रत्येक नागरिकाने महामंडळाच्या कार्यालयात अर्ज द्यावा, आणि त्याची पोच मागून घ्यावी.