डबीवर नाव नाही, मग ती चेहऱ्यावर का?



आपल्या रविवार पुरवणीतला त्वचेचा प्रकार ओळखण्याविषयीचा लेख वाचला. तेलकट, कोरडी, मिश्र, संवेदनशील असे चार कप्पे आणि प्रत्येक कप्प्याला एक फेसवॉश, एक क्रीम. लेखातली माहिती चूक नाही, पण अक्कलकुव्यात बसून वाचताना ती अपुरी वाटली. आमच्याकडे क्रीम घेताना त्वचा तेलकट की कोरडी हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच : किती दिवसांत उजळेल?

मी इथे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात दहावीतली एक मुलगी ओढणीने गाल झाकून बसू लागली. खोदून विचारल्यावर तिने दप्तरातून वहीच्या कागदात गुंडाळलेली पांढरी डबी काढली. झाकणावर गुलाबाचं चित्र. पण कंपनीचं नाव, पत्ता, बॅच नंबर, मुदत, घटक यांपैकी एकही गोष्ट छापलेली नव्हती. आठवडे बाजारातून आणलेली. 'मॅडम, पहिले पंधरा दिवस खरंच उजळले होते,' ती म्हणाली. मग बारीक पुळ्या आल्या, उन्हात गेलं की गालांची आग होऊ लागली. लावणं थांबवलं की त्रास दुप्पट, म्हणून ती पुन्हा लावत राहिली.

त्या डबीत काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण हा क्रम त्वचारोगतज्ज्ञांच्या चांगलाच ओळखीचा आहे. नायट्यावरचं किंवा वांगावरचं स्टेरॉईडयुक्त मलम गोरेपणाचं क्रीम म्हणून महिनोन्‌महिने चोळलं की कातडी पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम सोडताच चेहरा पेटतो. म्हणूनच २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा त्वचेतलं रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. अकोल्यातल्या आई आणि दोन मुलींचं प्रकरण २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत आलं होतं. ब्युटिशियनकडून घेतलेलं क्रीम तिघींनी लावलं आणि तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांमध्ये एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचं क्रीम वापरत होते. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये नकळत आलेला पारासुद्धा दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. पण ज्या डबीवर बनवणाऱ्याचं नावच नाही, तिला हा नियम लावणार कोण?

आता त्वचेच्या प्रकाराविषयी. अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचा उन्हात भाजते की रापते यावरून वर्गवारी केली. ती मुळात गोऱ्या कातडीसाठी होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आपली बहुतेकांची त्वचा चौथ्या प्रकाराच्या आसपास किंवा त्यापुढे येते. ती उन्हाला अधिक टिकते, पण जखमेची, पुळीची, ब्लीचने पोळल्याची आठवण काळा डाग होऊन जपते. केस काढायच्या लेसरचा प्रकाशही अशा त्वचेतलं रंगद्रव्य शोषून घेतं. यंत्र आणि त्याची मात्रा चुकली तर भाजतं. म्हणून पार्लरमध्ये पील किंवा लेसर करून घेण्याआधी 'माझ्या रंगाच्या त्वचेवर हे कितीदा केलंय?' असं विचारायला लाजू नये.

शिवाय त्वचेचा प्रकार म्हणजे जन्मभराचा शिक्का नव्हे. मे महिन्यात अक्कलकुव्यात घामाने चिकट झालेली मुलगी डिसेंबरात सातपुड्यात, डाब गावाकडे गवतावरचं दव गोठतं तेव्हा, गाल फुटलेले घेऊन फिरते. म्हणून त्या-त्या ऋतूत घरीच तपासावं : साध्या पाण्याने तोंड धुवावं, अर्धा तास काही लावू नये, मग कपाळ, नाक आणि गालांवर टिपकागद दाबून पाहावा. तेल कुठे उमटतं ते कळतं. नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला चार-पाच दिवस लावून बघावं. या दोन गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

आणि एक गोष्ट आमच्या जिल्ह्यात विसरून चालणारच नाही. फिकट, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो. तो क्रीमने झाकला तर उपचार लांबतात आणि हातापायांच्या नसा जातात. इथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. ओठ, नखं पांढुरकी दिसत असतील तर त्याला उजळपणा समजू नये, रक्त तपासावं.

कुणी म्हणेल, पोरींनी नटूच नये का? जरूर नटावं. काठी गावच्या होळीत सावळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी किती उठून दिसते, ते आम्ही दरवर्षी पाहतो. माझा राग नटण्यावर नाही, 'गोरं व्हा' म्हणत विकल्या जाणाऱ्या विषावर आहे.

म्हणून मागण्या तीन. अन्न व औषध प्रशासनाने अक्कलकुवा, खापर आणि मोलगीच्या आठवडे बाजारांत या बिननावाच्या डब्यांचे नमुने घ्यावेत आणि निकाल जाहीर करावेत. औषध दुकानदारांनी चिठ्ठीशिवाय स्टेरॉईड मलम देऊ नये. आणि मोलगीच्या बाईला घाट उतरून दूर जावं लागू नये, यासाठी नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला त्वचारोगतज्ज्ञ महिन्यातून एक दिवस तरी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात बसावा.

तोवर वाचक भगिनींना एकच सांगणं : जिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही, ती डबी घरात आणू नका; आणली असेल तर फेकण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

— एक शिक्षिका, अक्कलकुवा (जि. नंदुरबार)