फोमची गोळी आणि डोळ्याची खोबण

माळेगावच्या यात्रेतल्या पालांवर, लातूरच्या गंजगोलाईत, नांदेडच्या वजिराबादेत हल्ली फोमच्या गोळ्या उडवणारी बंदूक हमखास टांगलेली दिसते. दुकानदार तिला सॉफ्ट बुलेट गन म्हणतो, इंग्रजी शाळेतली पोरे नर्फ. गिऱ्हाईक घुटमळले की दुकानदार गोळी दोन बोटांत दाबून दाखवतो, ‘कापूस आहे साहेब, लागतच नाही.’ आईबाप निर्धास्त होतात. अडचण अशी की ओपीडीत ‘फोमची गोळी लागली’ हे ऐकल्यावर आपणही तितकेच निर्धास्त होतो.

जरा मापे बघू. डोळ्याच्या खोबणीचे तोंड साधारण 40 मिलिमीटर रुंद आणि 35 मिलिमीटर उंच असते. क्रिकेटचा चेंडू सात सेंटिमीटरचा. तो तोंडावर आला की आधी भुवईच्या आणि गालाच्या हाडावर आदळतो. भुवई फुटते, कधी हाड पिचते, पण डोळ्याच्या वाट्याचा बराचसा मार हाड खाते. फोमची गोळी जेमतेम साडेबारा मिलिमीटर जाडीची, म्हणजे जवळपास कॉर्नियाच्याच व्यासाची. ती हाडाला न शिवता सरळ डोळ्यावर बसते. शिवाय दुकानदार दाबून दाखवतो तो दांडा. पुढच्या टोकाला रबराची टोपी असते आणि आदळते ती टोपी. एक ग्रॅम वजन आणि सेकंदाला वीस-बावीस मीटर वेग धरला तर ऊर्जा 0.2 ज्यूलच्या आसपास भरते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण हा सगळा मार सव्वा चौरस सेंटिमीटरवर येतो. खेळण्यांच्या मानकांत नुसती ऊर्जा न धरता दर क्षेत्रफळामागची ऊर्जा मोजू लागले, ते अशाच हिशेबातून.

लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2017 मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशा तीन रुग्णांची माहिती दिली. दोघे प्रौढ, एक 11 वर्षांचा मुलगा. नर्फची गोळी लागून डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला होता, मुलाच्या कॉर्नियाला आणि पडद्यालाही सूज होती. हा खेळ खेळताना संरक्षक चष्मा लागतो का, याचा विचार व्हावा असे त्यांनी लिहिले. ब्रँडेड खेळण्याची ही गत, तर टोपी कडक, स्प्रिंग ताणलेली आणि कुठल्या कारखान्यातून आली याचा पत्ता नसलेल्या नकलेबद्दल काय बोलावे? त्यात आपली पोरे हिकमती. गोळ्या हरवल्या की त्याच नळीत पेन्सिलीचा तुकडा जातो, नाहीतर तुरीच्या धसकटाची काडी. मग मामला मुक्या माराचा राहत नाही, छिद्र पाडणाऱ्या जखमेचा होतो.

हायफिमा ओळखणे अवघड नाही. अवघड आहे ते वेळेवर बघणे. मूल बसलेले असेल तर रक्त बुबुळापुढे खाली साचून आडवी लाल रेघ दिसते. तेच मूल आईच्या मांडीवर आडवे असेल तर रक्त पसरते, पाणी नुसते गढूळ वाटते आणि टॉर्चच्या उजेडात ‘थोडा लाल झालाय’ म्हणून अँटिबायोटिक थेंब लिहून दिले जातात. पापणीवर ना ओरखडा, ना सूज. म्हणून मूल बसवा, दृष्टी तपासून लिहून ठेवा, स्लिट लॅम्पवर बघा, छिद्र नाही याची खात्री झाली की दाब मोजा. स्लिट लॅम्प नसेल तर कडक शील्ड लावून, डोके उंच ठेवायला सांगून त्याच दिवशी पुढे पाठवा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका. पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वाधिक असतो आणि नेमका तेव्हा पोरगा बरा वाटू लागून परत अंगणात पळत असतो.

मराठवाड्यातल्या नेत्रतज्ज्ञांसाठी यात एक वेगळी मेख आहे. किनवट, माहूर भागातल्या गोंड, प्रधान अशा आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात ऑक्सिजन कमी, आम्लता जास्त. तिथे सिकलच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि निचऱ्याची जाळी तुंबवतात. रक्त थोडेसेच दिसते, दाब मात्र चढतो आणि इतरांची ऑप्टिक नर्व्ह जो दाब सोसते तो या मुलांची सोसत नाही. एरवी आपला हात सवयीने ॲसिटाझोलामाइडकडे जातो, पण तेच औषध इथे आम्लता वाढवून पेशी आणखी वाकवू शकते. दाब 24 च्या वर जाऊन दिवसभर तिथेच राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो, इतर मुलांत एवढी घाई नसते. केवळ वाहक असलेल्या मुलालाही हा धोका आहे आणि वाहक मूल दिसायला ठणठणीत असते. सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे. त्या भागातून आलेल्या प्रत्येक हायफिमात ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. किनवटहून नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर. एवढ्या लांबून आलेल्या पोराला ‘तीन दिवसांनी दाखवा’ सांगून वाटेला लावण्यापेक्षा दाखल करून घेतलेले बरे.

रक्त विरघळले की पालक यायचे थांबतात. महिन्या-दीड महिन्याने गोनिओस्कोपी करून अँगल फाटला आहे का ते बघायचे असते. फाटलेल्या अँगलचा काचबिंदू दहा-वीस वर्षांनीही उगवतो आणि तोवर लहानपणीची बंदूक कुणाच्या ध्यानीमनी नसते.

या खेळण्यांवर बंदी घाला, असे आम्ही म्हणणार नाही. विटीने किती डोळे गेले हे आपल्या ज्येष्ठांना विचारा. 1987 मध्ये दूरदर्शनवर रामायण लागले आणि गल्लोगल्ली धनुष्यबाण निघाले, तेही त्यांना आठवत असेल. 2025 च्या दिवाळीत भोपाळकडे कार्बाइड गनने शंभराहून अधिक मुलांना रुग्णालयात नेले. ती भाजण्याची, स्फोटाची जात वेगळी, आणि तिच्यावर बंदी योग्यच. फोमच्या बंदुकीसाठी निदान कायदा हाताशी आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. यात्रेतल्या पालावर ते शोधायला कोण जातो, हा भाग निराळा. दवाखान्याच्या भिंतीवर मोतीबिंदूच्या तक्त्याशेजारी दोन ओळी लावायला मात्र खर्च नाही. चिन्ह बघून घ्या, तोंडावर नेम धरू देऊ नका, सोबत चष्मा घ्या.

आपल्या केसपेपरवर ‘खेळताना लागले’ या दोन शब्दांत विटी, चेंडू, काटा, छर्रा आणि फोम सगळे गडप होते. यापुढे खेळण्याचा प्रकार, गोळी कशाची, अंदाजे किती अंतरावरून आणि खेळण्यावर चिन्ह होते की नाही, एवढे लिहा. जमल्यास पालकांना बंदूक सोबत आणायला सांगा, गोळीचा फोटो ठेवा. अशा नोंदी, रुग्णाची ओळख वगळून, आमच्याकडे पाठवल्यात तर यात्रेच्या हंगामानंतरच्या अंकात त्यांना जागा राखून ठेवू.