सातबारा जिवंत झाला, गेलेल्या माणसांचं काय?

२०२५ साली महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली. आधी बुलढाणा जिल्ह्यात आणि मग १ एप्रिलपासून साऱ्या राज्यात. मयत खातेदारांच्या नावावर पडून राहिलेल्या सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवायची, हे त्या मोहिमेचे काम. काम गरजेचे होते यात शंका नाही. बाप जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली, सातबाऱ्यावर नाव अजून बापाचेच, पोराला पीककर्ज मिळेना, अनुदान आले तर कोणाच्या खात्यात जमा करावे याचा पत्ता नाही, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. ज्यांची नोंद झाली त्यांची पायपीट वाचली.

पण फेरफार मंजूर झाला की जुन्या नावाला कंस पडतो. सातबाऱ्याच्या भाषेत माणूस गेला म्हणजे नावाला कंस झाला, एवढंच. सरकारी कागदाकडून यापेक्षा जास्त मागू नये, त्याचे काम तेवढेच आहे. प्रश्न गावाचा आहे. चाळीस-पन्नास वर्षे ज्याने या मातीत घाम गाळला, त्याच्याबद्दल गावाजवळ कंसापलीकडे काय शिल्लक राहते?

खरं सांगायचं तर फार थोडं. तेरवी होते, ऐपत असेल तर चौकात महिनाभर फ्लेक्स लागतो, पेपरात फोटो येतो. ज्यांची ऐपत नाही त्यांचा फ्लेक्सही नाही आणि फोटोही नाही. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. 'वाघाच्या हल्ल्यात तीन महिला ठार' अशी बातमी सगळ्यांनी वाचली. बातमी खोटी नव्हती, पण अपुरी होती. पहाटे घर सोडून जंगलात जाणारी बाई ही मरणाच्या दिवशीच जन्माला आलेली नसते. तिने पोरं वाढवलेली असतात, रोवणी केलेली असते, जंगलातली पानं, कंद, मोहफूल तिला ठाऊक असतं. ते कुठे लिहिलं गेलं?

माणसासंगे काय जातं?

आम्हा विस्तार कामातल्या माणसांना गावोगाव फिरावं लागतं, त्यामुळे ही उणीव आम्हाला लवकर दिसते. आमच्या मंडळातल्या एका गावचा जुना पाणकर पावसाळ्याच्या तोंडावर वारला. गावाला मामा तलाव आहे. तलावाचं तुडूम केव्हा उघडायचं, पाणी आधी कोणत्या बांध्यांना द्यायचं, शेवटच्या बांधीपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, पाळ कोणत्या जागी झिरपते, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, कागद बदलले. पण पाणी वाटण्याची रीत मात्र अशाच माणसांनी बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे चालत ठेवली. त्या वर्षी पावसाने ओढ दिली तेव्हा वरच्या आणि खालच्या कास्तकारांत पाण्यावरून जुंपली आणि प्रकरण ठाण्यापर्यंत गेलं. जो तो आपल्याच सोयीची रीत सांगू लागला. खरी रीत सांगणारा माणूस राहिला नव्हता आणि ती कुणी लिहूनही ठेवली नव्हती.

दुसऱ्या एका गावात रोवणीच्या बायांची पुढारीण असलेली आजी गेली. पऱ्हे किती दिवसांचे झाले म्हणजे काढावे, कोणत्या बांधीत चिखल किती हवा, हे ती नुसत्या पायाने ओळखायची. लाखोरी, पोपट, गावरान वांगी यांचं बी राखेत घालून मडक्यात ठेवायची आणि पेरणीला शेजारणींना वाटायची. ती गेल्यावर सुनेला फडक्यात बांधलेल्या पुरचुंड्या सापडल्या, पण कशात काय आहे आणि किती सालाचं आहे, ते कळेना. मृत्यूच्या कागदावर आजींचा व्यवसाय 'घरकाम' असा लिहिला गेला.

तिसरा एक सालगडी. उभं आयुष्य दुसऱ्याच्या वावरात राबला. कोणत्या धुऱ्याखाली पाणी मुरतं, कोणता बैल कशाला बिचकतो, हे मालकापेक्षा त्याला जास्त माहीत. त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. म्हणजे त्याच्या वाट्याला सातबाऱ्यावरचा कंसही आला नाही.

दादाजींचे नाव राहिले, बाकीच्यांचे?

आपल्याच भागातले दादाजी खोब्रागडे यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा अवघ्या दीड एकराचा कास्तकार, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपल्या, पुन्हा लावल्या आणि त्यातून बारीक दाण्याचे वाण उभे राहिले. त्या काळी गाजलेल्या घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. पुढे त्यांनी डीआरके, नांदेड हिरा असे आणखी वाण निवडून काढले. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले, ते मात्र आजारपणात आणि ओढगस्तीतच. ज्या माणसाचा धान अनेक राज्यांत पिकला, त्याची ही अखेर मनाला लागते.

तरीही दादाजींचे नाव राहिले. लुचई, चिन्नोर या वाणांची नावेही आजवर राहिली, पण ती पिढ्यान् पिढ्या ज्यांनी कणगीत जपली त्या बाया-माणसांपैकी एकाचेही नाव आपण सांगू शकत नाही. ती माणसे कर्तबगार नव्हती असे कोण म्हणेल? त्यांची नोंद घेणारे कुणी नव्हते, एवढेच.

बायांच्या बाबतीत तर ही उणीव दुप्पट आहे. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लागावे म्हणून शासनाने १९९२ मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना आणली. २००५ मध्ये कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच हक्क मिळाला. तरी आज गावचे सातबारे चाळून पाहा, बायांची नावे किती दिसतात? शेतातलं निम्म्याहून जास्त काम जिच्या हातचं, ती कागदावर कुठेच नाही. मग ती गेल्यावर 'अमक्याची आई' एवढीच ओळख उरते.

आणि एक कडू गोष्ट बोललीच पाहिजे. कर्जापायी, नापिकीपायी ज्यांनी स्वतःला संपवलं, त्यांची फाईल होते. मदत एक लाखाची, आणि फाईलवर शेवटी शब्द एकच येतो, पात्र किंवा अपात्र. गावातही त्या घराबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, त्या माणसाचं नाव घेणं टाळतात. पोरांना आपला बाप फक्त त्या एका दिवसावरून ओळखावा लागतो. तो उत्तम भजन म्हणायचा, शेजाऱ्याच्या बैलाला रात्री उठून औषध पाजायचा, हे त्या पोरांना कुणी सांगायचं? अशा घराला मदतीच्या चेकइतकीच या आठवणीचीही गरज असते.

रीत जुनी आहे, फक्त वही नवी हवी

गेलेल्यांची आठवण ठेवणं आपल्याला नवीन नाही. अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो आणि मग शेतीच्या नव्या सालाला लागतो. भामरागडकडे माडिया समाजात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करण्याची रीत आहे. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. कुणी भाषण करत नाही, कुणाचा सत्कार नाही. संतासाठी जे सारा मुलूख करतो, ते आपल्या गावच्या माणसासाठी गावाने थोड्या प्रमाणात का करू नये?

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गावकरी मंडळींपुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक स्मरणवही ठेवावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा आपण घेतोच. मागच्या ग्रामसभेनंतर गावात जे जे वारले, त्यांच्याबद्दल प्रत्येकी एक पान त्या सभेत वाचावे आणि वहीत चिकटवावे. खर्च एका जाड वहीचा.

पानावर काय असावे? पूर्ण नाव. बाई असेल तर तिचे स्वतःचे नाव आणि माहेरचे गाव. अंदाजे जन्मसाल. आयुष्यभर काय काम केले. कोणती गोष्ट त्यांना गावात सर्वांत चांगली येत होती. ती कोणाला शिकवली. जवळ एखादं बी, अवजार, औषधी वनस्पतीची माहिती होती का. बस्स. लिहिण्याचे काम शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई किंवा कॉलेजात जाणारं एखादं पोरगं करू शकेल. घरच्यांना वाचून दाखवावे आणि त्यांनी हो म्हटल्यावरच सभेत आणावे. शेतीचं, बियाण्याचं ज्ञान असेल तर ते लोक जैवविविधता नोंदवहीतही चढवावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ही नोंदवही आणि तिची समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला पाहिजे. ती एकदा भरून कपाटात ठेवायची चीज नाही.

यावर लोक दोन गोष्टी विचारतील. पहिली, यात राजकारण शिरेल, पुढाऱ्याच्या बापाला दहा पानं आणि मजुराला दोन ओळी मिळतील. त्यावर उपाय सोपा आहे. नावं मृत्यू नोंदवहीच्या क्रमाने घ्यायची, एकही गाळायचं नाही, टोल्यावरचं असो की पाटलाच्या वाड्यातलं, पान प्रत्येकाला एकच. दुसरी गोष्ट, ग्रामसभेत रस्ते, नाल्या, घरकुलं यांनाच वेळ पुरत नाही, त्यात हे कशाला? पण एक पान वाचायला दोन मिनिटं लागतात. शिवाय ज्या सभेत कोरम भरत नाही म्हणून आपण तक्रार करतो, तिथे आपल्या माणसाचं नाव ऐकायला घरची माणसं येतील, बायाही येतील.

दुखवट्यातच सांगण्याच्या गोष्टी

आठवण ठेवणे म्हणजे मागे राहिलेल्यांची काळजी घेणेही आहे. घर दुःखात असताना मुदती मात्र थांबत नाहीत. म्हणून भेटायला जाणाऱ्या जाणत्या माणसाने चहा घेताना एवढं जरूर सांगावं:

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो.

वीज, सर्पदंश, विहिरीत पडणे, रस्त्यावरचा अपघात अशा कारणाने शेतकरी किंवा त्याच्या घरातली व्यक्ती गेली असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. पंचनामा आणि दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवावेत.

वारसांची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी. पदाचे नाव आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, गावात मात्र अजून तलाठीच म्हणतात. वारसात बायकोचे आणि मुलींचे नाव गाळू नये. गाळलेले नाव पुढे कोर्टात निघते आणि मग भावंडांची तोंडं कायमची फिरतात.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पान माणूस गेल्यावर लिहावं लागतं, पण माहिती तो असतानाच विचारावी लागते. आपल्या गावात सत्तरीच्या पुढचे किती जण आहेत, ते मोजा. तलाव कोणी राखला, विहिरीचा झरा कोणी दाखवला, कोणत्या साली दुष्काळात गाव काय खाऊन जगलं, हे सांगणारी माणसं अजून ओट्यावर बसलेली आहेत. दुपारी त्यांच्याजवळ कुणी बसत नाही, त्यामुळे विचारलं तर ती आनंदाने सांगतील. शाळेच्या पोरांना हा अभ्यास द्या. पोरं लिहून आणतील आणि म्हाताऱ्यांनाही वाटेल की आपलं काही किंमतीचं होतं.

पुढच्या ग्रामसभेची नोटीस निघेल तेव्हा विषयांच्या यादीत आणखी एक विषय घाला: 'मागील सभेनंतर दिवंगत झालेल्या गावकऱ्यांचे स्मरण व नोंद.' ठराव एका ओळीचा आहे. सूचक कोण आणि अनुमोदक कोण, तेवढं गावाने ठरवायचं आहे.