ड्रायरची वायर आणि तिसरी तार

अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरला आले की श्रावणात गच्च्या आणि गॅलऱ्या ओल्या कपड्यांनी भरलेल्या दिसतात. लेणी पाहण्यास येणाऱ्यांच्या वर्दळीवर येथील बाजारपेठ चालते. पुढे दुकान आणि मागे घर ही मांडणी व्यापारी कुटुंबांच्या सवयीची. चादरी आणि मुलांचे गणवेश दोन-दोन दिवस दोरीवर सर्दावून राहतात. अशा दिवसांत सेमी-ऑटोमॅटिक मशिनच्या दुसऱ्या टाकीला, म्हणजे घरोघरी ज्याला ‘ड्रायर’ म्हणतात त्याला, उसंत नसते.

आणि याच दिवसांत तिची वायर दगा देते. मशिन सरकवताना ती पायाखाली चेंगरते, पिन धरून काढण्याऐवजी वायर ओढली जाते, पण मोठा अपराधी बहुधा उंदीरच. दुकानाच्या धान्यावर वाढलेला हा पाहुणा मशिनच्या खालच्या उघड्या बाजूने आत शिरतो आणि वायर कुरतडतो. त्याला मारण्याचा प्रश्न जैन घरात उद्भवत नाही. मशिनच्या तळाला बारीक जाळी बसवली की दोघांचाही जीव वाचतो.

कुरतडलेल्या जागी काळी टेप गुंडाळून काम भागवण्याची रीत मात्र सोडली पाहिजे. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर टेपचा चिकटपणा फार दिवस टिकत नाही. मधला जोड नको. वायर सबंध बदलावी. मशिन वॉरंटीत असेल तर कंपनीच्या सेवा केंद्राकडूनच, एरवी जाणत्या वायरमनकडून. काम मोठे नाही, परंतु ते चालू असताना घरातील कोणी शेजारी उभे राहून पाहिलेले बरे.

आधी केवळ बटन बंद न करता पिनच सॉकेटमधून काढावी. टाकीतील पाणी सोडून द्यावे. मागचे झाकण उघडल्यावर कोणती तार कोठे जोडली आहे याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. मोटारींजवळच्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यानंतरही काही काळ भार राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना हात लावू नये. नवी वायर तीन तारांची, आयएसआय चिन्हाची आणि मूळ वायरीपेक्षा बारीक नसलेली घ्यावी. गरम हवेने कपडे वाळवणारा स्वतंत्र ड्रायर असेल तर हिशोब निराळा: २३० व्होल्टवर २००० वॅटचे यंत्र सुमारे ९ अँपिअर ओढते, त्याला ६ अँपिअरची पिन चालत नाही, १६ अँपिअरचीच लागते. वायर जेथून आत शिरते तेथील पकड घट्ट बसवावी, म्हणजे बाहेरचा ओढा आतल्या जोडांवर येत नाही.

तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची, हिरवी-पिवळी अर्थिंगची. घोटाळा होतो तो या तिसरीपाशी. पहिल्या दोन जोडल्या की मशिन फिरू लागते. तिसरी नसली तरी फिरते. म्हणून घाईतला कारागीर दोन तारांची वायर लावून मोकळा होतो आणि घरातले समाधानी होतात. हल्लीच्या बऱ्याच मशिनचे बाहेरचे अंग प्लास्टिकचे असले तरी मोटारींचे कवच धातूचेच असते. आत फेज त्याला टेकली तर अर्थिंगच्या तारेअभावी ती वीज वाट पाहते ओल्या हाताची. पिनमध्ये ही तार इतर दोन तारांपेक्षा किंचित लांब ठेवावी. वायरला हिसका बसलाच तर सर्वांत शेवटी ती निसटेल. झाकण लावल्यावर पिनचा जाड दांडा आणि मोटारीचे कवच यांत सलगता आहे का, हे मल्टिमीटरने पाहून घ्यावे.

मशिन ठीक, पण भिंतीतील सॉकेटचे काय? जुन्या घरांत सॉकेटच्या अर्थिंगच्या छिद्रामागे कधी तारच नसते, तर कधी न्यूट्रललाच तुकडा जोडून वेळ मारून नेलेली असते. ही दुसरी युक्ती अधिक घातक. न्यूट्रल कोठे तुटला की मशिनचे धातूचे अंगच जिवंत होते. अमेरिकेत कपड्यांच्या ड्रायरला अशी न्यूट्रलशी जोडणी कित्येक वर्षे नियमाने मान्य होती. १९९६च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने नव्या जोडण्यांसाठी ती बंद करून चार तारांची वायर आवश्यक केली. तिकडे स्थायिक झालेल्या लेकी-जावयांनी घर बदलताना जुन्या ड्रायरला चार दांड्यांची वायर लावली, तर ड्रायरच्या आतील न्यूट्रल आणि अंग यांना जोडणारी पट्टीही सोडवावी लागते. ती विसरली तर चौथ्या तारेचा हेतूच फसतो.

इकडे अर्थिंगच्या खड्ड्याकडे उन्हाळ्यात लक्ष हवे. माती कोरडी पडली की त्याची शक्ती घटते, अधूनमधून पाणी घालावे लागते. शिवाय मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. जाणारी आणि परतणारी वीज यांत तेवढा फरक पडताच ते पुरवठा तोडते. एमसीबी हे काम करत नाही.

राहिली काढलेली जुनी वायर. व्यापाऱ्याच्या घरात काही टाकून देण्याची रीत नाही, त्यामुळे ती माळ्यावर जाते आणि पर्युषणातल्या रोषणाईच्या वेळी कोणाच्या तरी हाती लागते. भंगारात देण्यापूर्वी तिचे दोन तुकडे करावेत.